प्रार्थना करूनही मन शांत होत नसेल, तर

ताई, प्रभूच्या नावात सलाम.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. पतीची नोकरी गेल्याला आठ महिने झालेत. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू आहे. घराचे हप्ते थकायला लागलेत आणि मुलगा दहावीला आहे. तुम्ही पहाटे उठून प्रार्थना करता, शुक्रवारचा उपास धरता, तरी छातीतली धडधड थांबत नाही. त्यातच मंडळीतल्या (चर्चमधल्या) कुणीतरी सांगितलं, "विश्वास कमी पडतोय, म्हणून शांती नाही." आणि तुम्ही विचारता, "ख्रिस्ती माणसाला शांती मिळते असं लहानपणापासून ऐकत आले. मग मी कुठे कमी पडते?"

मी पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू आहे. आयुष्य अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यातल्या मंडळ्यांत गेलं. घरभेटी, दवाखाने, दफनभूमी हेच माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्ही कमी पडत नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते पवित्र शास्त्राला धरून नाही, आणि अशा बोलण्याने आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक ओझं चढतं. म्हणून आधी तेवढं उतरवू या.

बायबलमधली ईयोबाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मुलंबाळं गेली, जनावरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. तिथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ते बोलायला लागले आणि पुढची कितीतरी पानं एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगत राहिले, की तुझ्यातच काही दोष असणार. ईयोबाने ऐकून घेतलं नाही. तो देवाशी भांडला, त्याला जाब विचारला, जन्माला आलो तो दिवस नासो असंही म्हणाला. शेवटच्या अध्यायात देव बोलतो तेव्हा राग काढतो तो या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो. पुढच्या वेळी कुणी तुमचा विश्वास मोजायला आलं, तर हा बेचाळिसावा अध्याय आठवा. वाद घालायची गरज नाही, तुमच्यापुरतं माहीत असलं की पुरे.

आता तुमचा खरा प्रश्न. प्रार्थना करूनही शांती का मिळत नाही?

तुम्ही प्रार्थना कशी करता, हे तुम्ही लिहिलंय: "देवा, तुझी इच्छा पूर्ण होवो, मला धीर दे, सगळं तुझ्या हाती सोपवते." शब्द चांगलेच आहेत. पण ताई, मला त्यात तुमचं घर दिसत नाही. डायलिसिसच्या खुर्चीशेजारी चार तास बसून कंबर मोडते, बँकेचा फोन आला की पोटात गोळा येतो, नवरा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो आणि तुम्हाला त्याचा रागही येतो, दयाही येते. यातलं काहीच त्या प्रार्थनेत नाही. आपल्या मंडळ्यांत चांगल्या ख्रिस्ती बाईने देवाजवळ तक्रार करायची नाही, असा एक अलिखित नियम होऊन बसलाय. त्यामुळे माणूस देवासमोरही पाहुण्यांसमोर बसावं तसा सावरून बसतो. जे दुःख देवासमोर मांडलंच नाही, ते मनातच राहतं आणि धडधड होऊन बाहेर येतं. माझ्या पाहण्यात तरी शांती अडते ती बहुतेक वेळा इथेच.

स्तोत्रसंहिता उघडा. आपण तेविसावं स्तोत्र पाठ करतो, एकशेएकविसावं प्रवासाला निघताना म्हणतो. पण दीडशे स्तोत्रांतली मोठी संख्या विलापाची आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला तर शेवटी उजेडाची एक रेघही नाही, ते अंधारातच संपतं. तरीही ते काढून टाकलं गेलं नाही. उपासनेच्या पुस्तकात ते तसंच ठेवलं गेलं, लोकांनी मोठ्याने म्हणावं म्हणून. देवाला आपल्या लेकरांचं असं बोलणं चालतं, याची यापेक्षा मोठी खूण मला तरी माहीत नाही.

तुमच्यासाठी मी तेरावं स्तोत्र सुचवतो. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा एकच विचारतो: कोठवर? तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी कोठवर मनात कुढत राहू, शत्रू कोठवर माझ्यावर वरचढ राहणार? इथे प्रस्तावना नाही, आधी स्तुतीही नाही. मधल्या दोन वचनांत मागणं आहे, तेही नेमकं: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझे डोळे उजळव, नाहीतर मी मरेन. आणि शेवटच्या दोन वचनांत तो देवाच्या दयेवर भरवसा टाकतो आणि गातो. परिस्थिती बदलल्याचा उल्लेख कुठेच नाही. शत्रू तिथेच आहे. बदल झालाय तो बोलणाऱ्यात, आणि तोही चार वेळा "कोठवर" विचारून झाल्यावर. आपण बहुतेकदा थेट शेवटच्या दोन वचनांवर उडी मारायला जातो आणि मन तिथे पोचत नाही म्हणून स्वतःला दोष देतो.

एक वही घ्या आणि या स्तोत्राच्या चालीवर तुमची प्रार्थना लिहा. ती साधारण अशी होईल: "प्रभू, कोठवर मी रोज सकाळी यांचा चेहरा बघून घाबरायचं? कोठवर आईंच्या हातातल्या त्या सुया बघायच्या? हप्त्याची तारीख जवळ आली की मी झोपत नाही, हे तुला दिसत नाही का? या महिन्याच्या हप्त्याची सोय कर. यांच्याशी बोलताना माझ्या तोंडून कडू शब्द जाऊ देऊ नकोस. आज रात्री मला चार तास झोप दे. तू माझ्या आईला तिच्या वाईट दिवसांत सोडलं नाहीस, ते मी पाहिलंय. मी तुझ्यावरच टेकते." पहिल्यांदा लिहिताना हात अडखळेल, पाप केल्यासारखं वाटेल. लिहा. मग दार लावून ते मोठ्याने वाचा. रडू आलं तर येऊ द्या. लाजराच्या थडग्याकडे जाताना येशू रडला, आणि पुढच्या काही क्षणांत आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. तेव्हा डोळ्यांतल्या पाण्याचा आणि अविश्वासाचा काही संबंध नाही.

अटक झाली त्या रात्री गेथशेमाने बागेत तर येशूने स्वतःच सांगितलं, माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे. घाम गाळत त्याने तीन वेळा तेच मागणं मागितलं, की हा प्याला टळो. तीन मित्रांना सांगितलं, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राला त्या रात्री सोबत हवीशी वाटली. प्याला टळला नाही. पण तिथून उठला तो येशू वेगळा दिसतो. शिपाई येतात, शिष्य पळतात, आणि त्या सगळ्या धांदलीत एकटा तोच ठाम उभा असतो. ख्रिस्ती शांती म्हणतात ती हीच. आधी जमिनीवर पालथं पडून सगळं सांगून झालेलं असतं, म्हणून नंतर पाय स्थिर राहतात.

"कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचनही तुम्हाला कुणीतरी ऐकवलं असेलच. ते माझं आवडतं वचन आहे आणि त्याचा काठीसारखा वापर झालेला बघून मला फार वाईट वाटतं. प्रेषित पौलाने हे लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला मदत पाठवली होती आणि तो एपफ्रदीत तिथे आजारी पडून मरता मरता वाचला. दुसऱ्या अध्यायात पौल मोकळेपणाने लिहितो, की हा गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. आणि करिंथकरांस लिहिताना सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज आपल्यावर दाटून येते, हेही त्याने लपवलेलं नाही. म्हणजे हे वचन लिहिणाऱ्या माणसाला काळजी काय असते हे पुरतं माहीत होतं. तो काय करायला सांगतो? प्रत्येक गोष्ट मागणं म्हणून देवाला कळवा, आभारासह कळवा. मग सर्व बुद्धीपलीकडची शांती तुमची अंतःकरणं आणि विचार राखील. राखणं हे देवाचं काम आहे. तुमच्याकडे फक्त कळवायचं काम दिलंय.

आभारांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण इथे बरेच जण चुकीच्या जागी अडतात. सासूबाईंच्या मूत्रपिंडांसाठी आभार मानायचे नाहीत. आजार चांगला आहे असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. येशू आजाऱ्यांना बरं करत फिरला, आजाराची स्तुती करत नव्हे. आभार मानायचे ते त्या दिवशी जे खरोखर चांगलं हाती आलं त्याचे. नर्सने एका फटक्यात शीर पकडली. मुलाने न सांगता पाणी भरलं. शेजारणीने भाकऱ्या दिल्या. रात्री त्याच वहीत एकच ओळ लिहा. जास्त नको, ओढून ताणून तर अजिबात नको.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या घरांत आदराने घेतलं जातं, पण त्यांचं आयुष्य शांतीच्या या प्रश्नाच्या अंगाने फारसं सांगितलं जात नाही. त्यांचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण थोड्याच काळात उपासमारीने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर भटकले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. इथे आपण गोष्ट संपवतो, जणू बाप्तिस्मा झाला आणि शांती मिळाली. रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत वेगळं लिहिलंय. ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्या म्हणतात. त्यानंतरची सात-आठ वर्षं त्या शोधत होत्या, प्रश्न विचारत होत्या, वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांशी मतभेद झाले तेव्हा पत्रांतून स्पष्टपणे वाद घालत होत्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढून त्या विधवा मुलींना शिकवतही होत्या. एवढ्या विद्वान, एवढ्या धीराच्या बाईला मन निवायला बाप्तिस्म्यानंतर इतकी वर्षं लागली. त्या वर्षांना कुणी विश्वासाची कमतरता म्हणेल का?

आणि मन निवालं म्हणून पुढे संकटं थांबली नाहीत. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायकामुलींना घेऊन आल्या. स्वतः लहानपणी ज्या भुकेतून गेल्या होत्या, ती भूक त्यांना ओळखीची होती. दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. आयुष्याच्या अखेरच्या काळात मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणण्याचं काम त्या करत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, कामाची वारसदार. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, पण तोवर भाषांतराचं काम सुटलं नव्हतं. शांती मिळालेलं माणूस कसं दिसतं असं कुणी विचारलं, तर मी केडगावातल्या त्या शेवटच्या महिन्यांकडे बोट दाखवतो. लेक गेल्याचं दुःख कमी झालं नसणार, तरी पुढ्यातलं काम हातून होत होतं.

आता तुमच्या छातीतल्या धडधडीबद्दल. आठ महिने झोप नाही, भूक मेलीय, हात थरथरतात असं तुम्ही लिहिलंय. ताई, डॉक्टरांना दाखवा. राजांच्या पहिल्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागतो. मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर नुकताच केवढा विजय झालेला. देवाचा दूत येतो तो प्रवचन घेऊन येत नाही. तापल्या दगडांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई घेऊन येतो. ऊठ, खा, एवढंच म्हणतो. एलीया खातो, परत झोपतो. दूत पुन्हा येऊन पुन्हा खाऊ घालतो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. आधी झोप आणि भाकर, मग देवाचा शब्द, हा क्रम देवानेच लावलाय. सहा तासांच्या आत झोप असेल आणि महिनोन्‌महिने असं चाललं असेल, तर उपास सध्या थांबवा. उपास मोडल्याने प्रभू रागावत नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. आयुष्य संपवावं असा विचार मनात एकदाही आला असेल, तर तो फोन आजच करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

आणि कुणी "औषधं बंद करा, विश्वासाने बरं व्हाल" म्हणालं, सासूबाईंचं डायलिसिस थांबवायला सांगितलं, किंवा पैसे घेऊन चंगाईची खात्री दिली, तर त्या माणसापासून लांब राहा. इथे मी कडक बोलतोय, कारण अशा सल्ल्यानंतर लोकांची प्रेतं पोचवायला मी गेलोय. पौलाच्या शरीरात काटा होता. तो काढ म्हणून त्याने तीनदा विनवलं आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाला कुणी अविश्वासू म्हणत नाही. लूक वैद्य होता आणि पौलाबरोबर प्रवास करत होता.

खर्चाचंही बघा, कारण अर्धी अशांती तिथून येते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारा. जिल्हा रुग्णालयांत प्रधानमंत्री डायलिसिस कार्यक्रमाखाली सोय असते, तीही विचारा. हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जाऊन नोकरी गेल्याचं लेखी सांगा, हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का ते बघा. चुकल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेलं बरं. हे सगळं प्रार्थनेच्या बाहेरचं आहे असं मानू नका. "आज बँकेत बोलायला मला शब्द दे" ही उत्तम प्रार्थना आहे.

तुमच्या पतीबद्दल थोडं. ते उपासनेला येईनासे झालेत म्हणून तुम्ही खचलात. बेकार झालेल्या पुरुषाला मंडळीत सगळ्यांत जड जातं ते उपासना सुटल्यावर दारात उभं राहून "काय, सध्या कुठे?" या प्रश्नाला उत्तर देणं. त्यांना ओढून नेऊ नका, त्यांच्यावर वचनं फेकू नका. रात्री जेवणं झाल्यावर घरात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं गीत म्हणा, "उपासना संगीत" हे गीतांचं पुस्तक कपाटात असेलच. मुलालाही बसवा. ते नुसते बाजेवर पडून ऐकत राहिले तरी चालेल. टिळकांची गीतं आपल्या आजी-आजोबांनी प्लेगमध्ये आणि दुष्काळात म्हटलेली आहेत. ज्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत, त्या दिवशी ती उपयोगी पडतात.

या सगळ्याने धडधड एका रात्रीत जाणार नाही. मी ज्या घरांत हे होताना पाहिलंय तिथे आधी झोप थोडी सुधारते. मग डॉक्टर काय सांगतात ते कानात शिरायला लागतं. मग एखाद्या दिवशी बँकेचा फोन येतो आणि तुम्ही तो उचलून नीट बोलता, आणि ठेवल्यावर लक्षात येतं की हात थरथरले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा थरथरतील. घाबरू नका, वही उघडा आणि पुन्हा "कोठवर"पासून सुरू करा.

शेवटचं काम मात्र याच आठवड्यातलं आहे. फिलिप्पैकरांस पत्र हे मुळात मदत मिळाल्याबद्दल लिहिलेलं पत्र आहे. माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगलं केलंत, असं पौल शांतीच्या त्या वचनांनंतर थोड्याच ओळींत लिहितो. तुम्ही आजवर मंडळीत "आमच्यासाठी प्रार्थना करा" एवढंच सांगत आलात. लोक हो म्हणतात आणि त्यांना पुढे काय करायचं ते कळत नाही. या रविवारी तुमच्या पाळकांना किंवा महिला मंडळाच्या सेक्रेटरींना गाठून नेमकं सांगा: मंगळवारी डायलिसिसला आईंजवळ बसायला एक बाई हवी, मुलाला गणित शिकवणारं कुणीतरी हवं, यांना घेऊन नोकरीची चौकशी करायला जाईल असा एक भाऊ हवा. सांगताना संकोच वाटेल. पण कुणी "विश्वास कमी" म्हणालं होतं, म्हणून सगळी मंडळी तशीच आहे असं समजू नका. त्यांच्यातलीच एखादी म्हातारी मंगळवारी सकाळी डबा घेऊन दवाखान्याच्या दारात हजर असेल. तिला बसू द्या, आणि तुम्ही घरी जाऊन झोपा.